फत्तरचा नवा अल्बम आणि पौडचे जाणकार

मेडिकलच्या धंद्यात एक सोय असते बघा. एक्स्पायरी झालेला माल कंपनी परत घेते. किश्श्यांना ती सोय नाही. ते साठतच जातात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला दुसरा लटकलेला असतो. आणि गाण्याच्या फॅन लोकांचे किस्से म्हणजे तर विचारूच नका! भांडायला बसले की हे लोक जेवायचंही विसरतात.

माझं पौडला मेडिकल आहे. डी. फार्मला पुण्यात होते तेव्हापासून मी ‘फत्तर’ची फॅन. फत्तर म्हणजे आपला मराठी रॉक बँड. चार पोरं होती तेव्हा, आता चार म्हातारे आहेत. ‘मराठीत कसला आलाय रॉक?’ म्हणून लोक हसायचे, त्या काळात ह्यांनी पहिली कॅसेट काढली. ती मी इतक्यांदा वाजवली की टेपरेकॉर्डरनं एक दिवस ती चावून खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळली आणि परत लावली.

आता आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘फत्तर फॅन्स, मुळशी तालुका’. ॲडमिन संजूशेठ. प्लॉटिंगचा धंदा, शिवाय रस्त्याला लागून स्वतःचं लग्नाचं लॉन. नावाखाली ‘संस्थापक अध्यक्ष’ असं लिहितो. ग्रुपात मी एकटी बाई, म्हणून सगळ्यांची वहिनी. माझ्या नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तो ग्रुपात नाही, त्याला कुणी ओळखतही नाही. तरी मी वहिनी!

*

फत्तरचा शेवटचा अल्बम येऊन कित्येक वर्षं झाली होती. मग ग्रुपनं ठरवलं, पाठपुरावा करायचा. आमच्या तालुक्यात पाठपुरावा म्हणजे काय, तर समोरचा वैतागेपर्यंत तेच तेच विचारत राहायचं. रस्त्याच्या खड्ड्याला तोच उपाय आणि रॉक बँडलाही तोच.

बँडनं कुठलाही फोटो टाकला की खाली आमची फौज हजर. ‘नवा अल्बम कधी?’ गायकाच्या मुलीच्या लग्नाचा फोटो आला, खाली ‘नवा अल्बम कधी?’ दिवाळीच्या शुभेच्छा आल्या, खाली ‘नवा अल्बम कधी?’

मग ड्रमवाल्याची आई वारली. त्यानं बिचाऱ्यानं आईचा जुना फोटो टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या. मी म्हटलं, आता तरी गप्प बसतील.

संजूशेठचा मेसेज पहिला: ‘माउलींना भावपूर्ण श्रद्धांजली. नवा अल्बम कधी?’

*

फत्तरचा गिटारवाला नंदूदादा आमच्याच तालुक्यातला. धरणाच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, माझी जुनी ओळख. एकेकाळी तो स्टेजवर आला की पोरं खुर्च्यांवर चढायची. बोटं अशी चालायची की बघताना आपलाच श्वास अडकायचा.

मध्यंतरी चार-दोन वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. ग्रुपात बातमी पसरली, ‘दादानं गिटार सोडली, शेती करतो.’ बातमी कुणी आणली ते माहीत नाही, पण सगळ्यांनी आणली.

आणि एक दिवस दादा माझ्या काउंटरपुढे उभा! चिठ्ठी पुढे केली. मी वाचली. चिठ्ठी वाचून आजार कळणं हा आमच्या धंद्यातला शापच आहे. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला होता, बोलणं सुधारलं होतं. डावा हात राहिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिटारवाला उजव्या हातानं तारा छेडतो, पण सूर कुठला निघणार ते डाव्या हाताची बोटं ठरवतात. म्हणजे दादाचं नेमकं तेच गेलं होतं.

“रबरी बॉल हाय का गं, दाबायचा?” त्यानं विचारलं.

मी बॉल दिला. तो म्हणाला, “वैशे, कुनाला सांगू नको. ग्रुपात तर अजाबात न्हाई.”

“दादा, लोकांना कळलं तर प्रेमच करतील.”

“त्येच नको! आजारी मानसाच्या मानानं बरं वाजिवलं म्हनले ना, तर त्या दिवशी मी मेलो.”

पुढे तो दर महिन्याला यायचा. एकदा म्हणाला, दोन बोटं वळतात. मग म्हणाला, तिसरं वळतंय. करंगळी रुसलीच. आणि एक दिवस काउंटरवर वाकून, चोरून सांगितल्यासारखं म्हणाला, “नवा अल्बम करतोय. सगळी गिटार मीच वाजिवली. हळू हाय, पर माजी हाय.”

मी टाळीच वाजवली! दुकानात कफ सिरप घ्यायला आलेला माणूस दचकला.

“ऐक,” दादा म्हणाला, “तुला म्हाईत हाय म्हनून तुजं मत धरायचं न्हाई. ज्याला म्हाईत न्हाई त्यानं ऐकून म्हनावं, ह्यो नंद्याचा हात. एकानं म्हनलं तरी बास. न्हाईच कुनी म्हनलं, तर मंग ठिवून देईन गिटार.”

फत्तर कधीच कव्हरवर कुणाचं एकट्याचं नाव छापत नाहीत, हे सांगायला हवं. पहिल्या कॅसेटपासून त्यांची तशी रीत. ‘गायन, वादन: फत्तर.’ बस्स. कोणी काय वाजवलं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आमच्या ग्रुपाला त्या रीतीचा भारी अभिमान!

*

ग्रुपात अमेय नावाचा मुलगा आहे. मुलगा म्हणायचं, चाळिशी आली त्याची. हिंजवडीला कामाला. हेडफोन असा की त्या किमतीत आमच्याकडे म्हैस येते. बोलायला लागला की मिक्सिंग, मास्टरिंग, साउंडस्टेज. आपण नुसतं हं हं करायचं.

अल्बमची तारीख जाहीर झाली. आदल्या दिवशीच अमेयनं ग्रुपात परीक्षण टाकलं. भलंमोठं! वाचताना माझा अंगठा दुखायला लागला. सार एवढंच, की बँड थकलाय, जुनी आग राहिली नाही, सुरात आत्मा नाही.

मी फोन केला. “अरे अमेय, अल्बम तर उद्या येतोय. तुला आधी पाठवला का कुणी?”

“नाही वहिनी.”

“मग ऐकलास कुठं?”

“गाण्यांची नावं वाचली ना. थर्टी सेकंदांचा टीझर आहे. अनुभवावर कळतं हो.”

म्हटलं बरं आहे, हा डॉक्टर झाला नाही. पेशंटचं नाव ऐकूनच ह्यानं सर्टिफिकेट लिहिलं असतं.

*

मग अल्बमबरोबर आलं कव्हर. धरणाच्या पलीकडे डोंगरात अर्धवट राहिलेली एक इमारत, खिडक्यांना काचा नाहीत, पुढे पाणी. फोटो भलताच उदास. तो डोंगर दादाच्या गावाकडचा, हे मला लगेच कळलं.

ग्रुपात तुकामामा आहेत. जांबेला त्यांच्या खोल्या आहेत भाड्यानं दिलेल्या, सगळे भाडेकरू आयटीवाले. मामांनी आयुष्यात फत्तरचं एकच गाणं धड ऐकलंय, पण संजूशेठचे मामा म्हणून ग्रुपात. त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला: “ही बिल्डिंग कुनाच्या जिमिनीत हाय रं? आमच्या व्याह्याचा गट लागून हाय तितं.”

झालं! कुणी सातबारा काढला, कुणी गट नंबर सांगितला. कुणाची वाट अडवलीय, कुणी परस्पर विकलीय, असा दोन दिवस नुसता धुरळा. दोन चुलतभाऊ तर ग्रुपातच एकमेकांचा बाप काढायला लागले. मी मध्येच लिहिलं, ‘अहो, गाण्यांचं काय?’

संजूशेठचं उत्तर आलं: ‘वहिनी, गाणी कुठं पळून जातात? लोकेशन बघा!’

*

आता आमची एक प्रथा. कॅसेटच्या काळात पुऱ्या पौडात फत्तरची कॅसेट एकाकडेच यायची. मग सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायची. चपला बाहेर. दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. त्याला ‘पहिलं ऐकणं’ म्हणायचं. ही एक गोष्ट मला आमच्या लोकांची मनापासून आवडते, खोटं कशाला बोलू.

ह्या वेळचं पहिलं ऐकणं संजूशेठच्या लॉनवर. रविवारी दुपारी. लग्नाचे मोठाले स्पीकर, गाद्या, वडापाव. मी आदल्या दिवशी घरी इयरफोन लावून ऐकलं होतं. प्रथा मोडली, कबूल. पण मला राहवलंच नाही. दादाची गिटार हळू होती, मोजकी होती. पण प्रत्येक सूर संपता संपता जरा वर उचलून सोडायची त्याची खोड, ती तशीच्या तशी! मी ओट्याशी उभी राहून रडले. नवऱ्यानं विचारलं, “कांदा चिरतेस का?” समोर भेंडी होती.

लॉनवर गाणी सुरू झाली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मला कळेना. गाणं आहे, ड्रम आहे, गिटार नाही! जिथं दादा वाजवतो तिथं नुसती पोकळी. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे मान खाली घालून बसलेले. बोलायचं नाही ना!

शेवटचं गाणं संपलं आणि लॉनवर एकच गलका. “गिटार कुठाय? गिटारच नाही!” अमेय म्हणाला, “मी लिहिलंच होतं.” संजूशेठनं तिथल्या तिथे पोस्ट टाकली: ‘फत्तरने गिटार काढून टाकली. कट्टर फॅन्सतर्फे जाहीर निषेध.’

मी तडक स्पीकरवाल्याकडे गेले. “भाऊ, दोन्हीकडून वेगवेगळा आवाज येतोय का?”

“दोनी स्पीकरला एकाच साइडची वायर लावतो आपन, ताई. डावी. लग्नात मंगलाष्टका दोनीकडं सारख्याच लागत्यात. कोन तक्रार करतंय?”

दादा स्टेजवर कायम बघणाऱ्यांच्या उजव्या हाताला उभा राहायचा. म्हणून फत्तरच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये गिटार उजवीकडूनच येते. पहिल्या कॅसेटपासून! तीस वर्षं ‘आम्ही कट्टर, आम्ही कट्टर’ करणाऱ्यांनी अख्खा अल्बम अर्धाच ऐकला, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की उजवीकडचा दादा गेला कुठं.

मी संजूशेठला सगळं समजावलं. त्याला पटलंही. “अरेच्चा! असं आहे होय!”

“मग ती पोस्ट काढ आधी.”

त्यानं मोबाइल बघितला. “वहिनी, नगर, सातारा, सगळीकडून लाइक यायला लागलेत. आता कसं काढू?”

*

मग सगळ्यांनी आपापल्या घरी नीट ऐकलं. गिटार सापडली. मला वाटलं, सुटलो.

कशाचं काय! आता नवं सुरू झालं. गिटार आहे, पण ती दादाची नाही. दादा कसा वाजवायचा, विजेसारखा! हा तर एकेक सूर चाचपडतोय. कुणीतरी शिकाऊ पोरगं बसवलंय. अमेयनं जुनं गाणं आणि नवं गाणं शेजारी शेजारी लावून ग्राफ काढला. लाल रेघ दादाची, निळी रेघ पोराची. खाली लिहिलं, ‘आकडे खोटं बोलत नाहीत.’

मग पोराचा शोध. हिंजवडीतल्या एका हॉटेलात शनिवारी गिटार वाजवणाऱ्या कुण्या इंजिनिअरवर संशय आला. लोकांनी त्याला एवढ्या शिव्या घातल्या की त्यानं शेवटी स्टेटस ठेवलं, ‘मी फत्तरमध्ये वाजवलेलं नाही. मी फत्तर ऐकतही नाही. प्लीज.’ तर त्याच्यावर दुसरी टोळी तुटून पडली. ‘ऐकत नाहीस म्हणजे? समजतोस कोण स्वतःला?’

तुकामामा म्हणाले, “त्या पोराला खोली न्हाई द्यायची जांब्यात.” एवढ्यावर थांबलं, हेच नशीब.

त्याच आठवड्यात दादा गोळ्या न्यायला आला. दुकानात गर्दी होती. तो बाजूला उभा राहिला, सगळे जाईपर्यंत. मग म्हणाला, “काय म्हनत्यात?”

दादाकडे साधा बटणाचा फोन. त्यानं काहीच वाचलेलं नव्हतं. जे काय कळायचं ते माझ्याकडूनच.

“ऐकतायत अजून,” मी म्हटलं.

“वळखलं कुनी?”

काय सांगू तुम्हाला! अख्ख्या ग्रुपाला रांगेत उभं करून एकेकाच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. मी म्हटलं, “दादा, मी सांगून टाकते त्यांना. बास झालं हे.”

“तोंड उघडलंस तर तुज्या दुकानाची पायरी चढनार न्हाई.”

आणि तो थट्टा करत नव्हता. गोळ्यांची पिशवी उजव्या हातात घेऊन तो निघाला. दारात थांबला. “ऐकू दे. घाई न्हाई. पयल्या कॅसेटला बी लोकांनी येळ लावला व्हता.”

नंतर मी गोळ्यांची पाकिटं उगाचच खालीवर करत बसले. गिऱ्हाईक समोर उभं आहे हेसुद्धा मला कळलं नाही.

*

आणि आता शेवटचा. हा मी कुणाला सांगत नाही, पण तुम्ही बसलाच आहात.

संजूशेठच्या डोक्यात कल्पना आली, ‘दादा, परत या!’ असं आंदोलन करायचं. आंदोलन म्हणजे सत्कार. नंदूदादाला लॉनवर बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि सगळ्यांच्या वतीनं विनंती करायची, की बाबा, शेती पुरे, त्या पोराला हाकल आणि गिटार हातात घे. संजूशेठ स्वतः गाडी घेऊन त्याला आणायला गेला. कशासाठी ते सांगितलं नाही. म्हणे सरप्राइज! नुसतं म्हणाला, “नव्या अल्बमबद्दल लोकांना तुमच्याशी बोलायचंय.”

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. केसांना तेल लावलेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं मला गर्दीत शोधलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, बघ, वळखलं का न्हाई! मी मान फिरवली. मला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात त्याला स्टेजमागचा फ्लेक्स दिसला. हातभर अक्षरं. ‘दादा, परत या!’ त्यानं तो वाचला. परत एकदा वाचला. मग तो खुर्चीवर जाऊन बसला, डावा हात खिशात घालून.

शाल घालताना संजूशेठ माइकवर म्हणाला, “बघा, बघा! हात अजून खिशात! रॉकस्टार आहे आपला दादा, रॉकस्टार!” लोक हसले. शिट्ट्या वाजल्या.

तुकामामांनी श्रीफळ दिलं. अमेयनं भाषण केलं. आयटीत प्रेझेंटेशन करून करून बोलायला पटाईत. म्हणाला, “दादा, आम्ही तुमच्या सुरावर वाढलो. तुमचा हात आम्ही झोपेतसुद्धा ओळखू. म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ह्या अल्बममध्ये जो कोणी वाजवतोय, त्याला जमलेलं नाही. प्रामाणिक असेल, मेहनती असेल. पण तुमच्या जागी तो शोभत नाही. तुम्ही त्याला समजावून सांगा. तुमचं तो ऐकेल.”

“व्हय दादा, तुमीच सांगा!” मागून तुकामामा ओरडले.

मी उठले. खरंच उठले, बोलायलाच उठले. दादानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही. मी खाली बसले.

संजूशेठनं माइक त्याच्यापुढे धरला. दादानं नारळ मांडीवर ठेवला, उजव्या हातात माइक घेतला. लॉनवर एकदम शांत झालं, आमच्या पहिल्या ऐकण्यासारखं.

“बराबर हाय तुमचं,” तो म्हणाला. “मी बोलतो त्या पोराशी. सोड म्हनतो आता.”

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.